मुक्काम पोस्ट मुख्यालय

कामावर जावे की घरी बसून काम करावे, हा वाद २०२० च्या टाळेबंदीपासून पुण्यामुंबईकडे रंगला आहे. रंगो बापडा! रोजच्या प्रवासाने माणूस खंगतो हे खरेच आहे. पण आमच्या हिंगोली जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्यसेविका यांना ती निवडच नाही. पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घेणे किंवा बाळंतिणीची विचारपूस करणे घरबसल्या व्हायचे नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा: कामाच्या गावी बिऱ्हाड करावे, की रोज 'अपडाऊन' करावे?

सरकारचे उत्तर सोपे आहे. मुख्यालयी राहा! आणि राहता याचा पुरावा म्हणून, २०१९ च्या आदेशाप्रमाणे, ग्रामसभेचा ठराव आणा. २०२२ साली आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला, शिक्षकांनी मोर्चे काढले. मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

राहा म्हणता, पण कोठे? सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील एखाद्या आडगावात भाड्याची खोली शोधून पाहा. शेतकऱ्याने घर बांधले ते आपल्या कुटुंबासाठी आणि हळदीच्या पोत्यांसाठी, भाडेकरूसाठी नव्हे. खोली मिळालीच तर स्वतःच्या लेकराला पुढची शाळा नाही, आणि पत्नीची नोकरी तिसऱ्याच तालुक्यात! मग वसमतकडचा माणूस नांदेडला बिऱ्हाड करतो, पहाटे डबा बांधून फटफटीवर निघतो, आणि ओढ्याला पूर आला म्हणजे अलीकडेच उभा राहतो.

तरीही घरभाडेभत्त्यासाठी कागदावर तो त्याच गावचा रहिवासी! लिहून देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. प्रवासाने पाठ मोडते, पण या दाखल्याने कणा मोडतो. 'नेहमी खरे बोलावे' हा धडा ज्याने शिकवायचा, त्याच्यावरच खोटे लिहून देण्याची पाळी आणणे, याहून मोठा अपमान कोणता?

म्हणून गावकऱ्यांची तक्रार खोटी ठरत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा काढला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच ना? खेड्यात तो कारभार अजून सकाळी येतो आणि दिवस कलला की परततो. ज्याचे मन पाचच्या गाडीत गुंतले, त्याचे ना गावात चित्त, ना घरात.

तेव्हा आधी घर, मग हुकूम! पहिले घर आरोग्यसेविकेचे, कारण बाळंतपण घड्याळ पाहून होत नाही. पाण्याची सोय असलेले, आतून कडी नीट लागणारे. मग शाळेजवळ गुरुजींसाठी दोन खोल्या. तोवर भत्ता आणि ठराव यांची गाठ सोडा. पाहायचेच तर पोरांना वाचता येते का ते पाहा.

ज्याला राहायला छप्पर दिले नाही, त्याला 'रात्री कोठे होतास?' असे दरडावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.