उत्तर नको, अडलंय कुठे ते विचार!

रात्रीचे साडेअकरा. बारावी सायन्सच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या सुमारास एक फोटो पडतो. वहीचं पान, वाकडा अँगल आणि खाली मेसेज, ‘कोणीतरी सॉल्व्ह करून टाका ना यार, उद्या जर्नल चेक आहे.’ दहा मिनिटांत ग्रुपमधला ‘मॅथ्सवाला’ सहा ओळींचं सोल्युशन टाकतो. त्याखाली चार थँक्यू, दोन हात जोडलेले इमोजी आणि एक ‘भाई, तू देव आहेस’. सगळे उतरवून घेतात. शुभ रात्री.

याला आपण मदत म्हणतो. खरं सांगायचं तर ही कुरिअर सेवा आहे. उत्तर एका वहीतून निघालं, सात वह्यांत पोचलं, डोक्यात कोणाच्याच उतरलं नाही. पाठवणाऱ्याला वाटतं आपण दोस्ती निभावली, घेणाऱ्याला वाटतं काम झालं. मग बोर्डाच्या पेपरात तोच इंटिग्रल थोडे कपडे बदलून समोर येतो आणि घाम फुटतो.

उत्तराला आज तशीही काही किंमत राहिलेली नाही. डायजेस्टमध्ये ते छापलेलं असतं. फोटो काढला की अ‍ॅप स्टेपसकट सोडवून देतं. मग मित्राने ते पुन्हा लिहून पाठवण्यात काय मोठं? मित्राकडे दुसरीच गोष्ट असते. आपण नेमके कुठे घसरलो असू, हे त्याला कळतं, कारण महिन्याभरापूर्वी तोही तिथेच घसरलेला असतो. सरांना वीस-वीस वर्षं तेच शिकवून ती अडचण आठवतही नाही. त्यांचा इलाज नसतो. शंभर मुलांची तुकडी, पंचेचाळीस मिनिटं आणि पूर्ण करायचा पोर्शन.

अकरावीतली त्रिकोणमिती घ्या. दहावीत साइन म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण, एवढं पाठ होतं आणि पुरतही होतं. अकरावीत अचानक साइन १२० अंश समोर येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आधी कर्णाचा ‘हायपोटेन्यूज’ झालेला पचवायचा असतो. त्यात हा नवा प्रश्न : १२० अंशाचा कोन काटकोन त्रिकोणात बसतच नाही, मग त्याचा साइन काढायचा कुठून? प्रश्न अगदी रास्त आहे. पण वर्गात हात वर करून विचारला तर मागच्या बाकावरून हसू येईल, ही भीती असते. अशा वेळी शेजारच्याने वहीत एक त्रिज्या असलेलं वर्तुळ काढायचं, केंद्रातून १२० अंशाची रेघ ओढायची आणि म्हणायचं, ‘आता त्रिकोण विसर. ही रेघ वर्तुळाला जिथे लागते, त्या बिंदूची उंची म्हणजे साइन. आडवं अंतर म्हणजे कॉस. बिंदू डावीकडे आहे, म्हणून कॉस मायनस.’ दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यासाठी कितीतरी जण वर्षभर ‘ऑल, साइन, टॅन, कॉस’ असं नुसतं घोकत राहतात.

आता बारावी. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन करा. तिघांनी केलं. पहिल्याने साइनला ‘टी’ मानलं, उत्तर आलं साइन वर्ग एक्स भागिले दोन. दुसरीने कॉसला ‘टी’ मानलं, तिचं आलं उणे कॉस वर्ग एक्स भागिले दोन. तिसऱ्याने डबल अँगलचा फॉर्म्युला लावला आणि त्याचं आलं उणे कॉस टू एक्स भागिले चार. पुस्तकाच्या मागे यातलं एकच उत्तर आहे. एकटे बसले असते तर दोघांनी आपापलं बरोबर उत्तर खोडून टाकलं असतं.

तिघं एकत्र बसली की भांडण होणार, आणि तेच तर हवंय. एक्सच्या जागी शून्य टाकून बघा. उत्तरं येतात ०, उणे १/२ आणि उणे १/४. एक्सच्या जागी पाय बाय टू टाका. येतात १/२, ० आणि १/४. उत्तरं वेगवेगळी, पण त्यांच्यातलं अंतर दोन्ही वेळा तेवढंच. फरक फक्त एका स्थिरांकाचा, म्हणजे ज्या ‘प्लस सी’ला आपण मार्क कापू नयेत म्हणून शेवटी चिकटवतो, त्याचा. तो ‘सी’ तिथे का असतो, हे या भांडणात जितकं कळतं तितकं पाच सोल्युशन उतरवून कळत नाही.

हे माझंच मत आहे असं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाच्या तरुण गणितज्ञाला एक प्रश्न पडला. आफ्रिकन-अमेरिकन मुलं शाळेत हुशार असूनही पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये नापास का होतात? प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली : पाया कच्चा, घरची परिस्थिती, इच्छाच नाही. ट्राइझमन यांनी ही मुलं आणि चांगले मार्क मिळवणारी चिनी वंशाची मुलं प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात, हे जवळून पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही. आफ्रिकन-अमेरिकन मुलं मेहनत घेत होती, पण एकेकटी. चिनी मुलं आधी स्वतः गणितं सोडवायची, मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची. एकाचं वेगळं आलं तर चूक लगेच सापडायची. कोणालाच आलं नाही तर समजायचं की गणितच अवघड आहे, आपण ‘ढ’ नाही. नंतर ट्राइझमन यांनी एकत्र बसून सोडवायच्या कार्यशाळा सुरू केल्या. तिथे सोपी नाही, मुद्दाम अवघड गणितं दिली, आणि निकाल बदलले.

यातला ‘आधी स्वतः’ हा भाग विसरू नका. सगळी मेख तिथेच आहे.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. ‘त्याला शिकवलं आणि सीईटीत तोच माझ्या पुढे गेला तर?’ उघडपणे कोणी म्हणत नाही, पण चांगल्या नोट्स लपवणारे प्रत्येक वर्गात असतात. ठीक आहे, हिशोबच करू. समजा तुमच्या शिफ्टला २० हजार मुलं बसली आणि तुमच्या मागे असलेला मित्र तुमच्या पुढे गेला. तुमचा पर्सेंटाइल कमी होईल ०.००५ने. तोही, तो मित्र नेमका तुमच्याच शिफ्टला असेल तर. उलट सीईटीच्या मॅथ्समध्ये एक प्रश्न २ मार्कांचा असतो. मित्राला समजावताना तुमचा एखादा कच्चा कन्सेप्ट पक्का झाला आणि एक प्रश्न जास्तीचा सुटला, तर कितीतरी जास्त मिळेल. स्पर्धा त्या अख्ख्या गर्दीशी आहे, बाकावरच्या मित्राशी नाही.

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. वर्गातल्या हुशार पोरीला सगळे गृहीत धरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा जणांचे फोन, आणि तिचा स्वतःचा अभ्यास राहतो बाजूला. म्हणून मदतीला नियम हवेत. मागणाऱ्याने नुसता प्रश्न पाठवायचा नाही, आपली कच्ची वही पाठवायची. ‘इथपर्यंत आलो, पुढे गाडी अडली’ असं लिहायचं. कच्चं पान नसेल तर देणाऱ्याने खुशाल ‘आधी पंधरा मिनिटं झगड, मग ये’ म्हणावं. त्यात माज नाही.

देणाऱ्यानेही पूर्ण सोल्युशन टाकायचं नाही. फक्त पुढची एक पायरी सांगायची, तीसुद्धा शक्यतो प्रश्नाच्या रूपात. ‘छेदात काय दिसतंय? त्याचं डेरिव्हेटिव्ह वर कुठे आहे का बघ.’ आणि ‘एवढं सोपं पण येत नाही?’ हे वाक्य कायमचं बंद. त्या एका वाक्याने जितक्या मुलांनी मॅथ्सचा नाद सोडलाय, तितक्या इंटिग्रेशनच्या एकाही फॉर्म्युल्याने सोडवला नसेल.

इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला गेलेल्यांनो, हसू नका. एम-वनच्या केट्या कुठून येतात, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. बारावीत उतरवलेली सोल्युशन्स तिथे व्याजासकट वसूल होतात. तुमच्याकडे तर आता कट्टाही आहे आणि मोकळी लेक्चर्सही. कॉलेजच्या अकरावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास दिलात तर तुमचाच पाया पुन्हा भरला जाईल.

सुरुवात अगदी छोटी करता येईल. तिघं-चौघं जमा. बालभारतीच्या पुस्तकातल्या डेफिनिट इंटिग्रेशनच्या मिसलेनियस एक्सरसाइजमधली पाच गणितं घ्या. आधी घरी, एकट्याने, अ‍ॅप बंद ठेवून. मग शनिवारी लेक्चर सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसा. ज्याचं उत्तर वेगळं आलं असेल, त्याच्यापासून सुरुवात करा. खडू त्याच्याच हातात द्या.