भाकरी आणि स्वातंत्र्य यांची फाळणी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा मतस्वातंत्र्य आणि कामाचा हक्क त्यात शेजारी शेजारी नांदत होते. शीतयुद्धाने त्यांची फारकत केली. जाहीरनाम्याला कायद्याचे बळ देताना एकाचे दोन करार झाले: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. १९६६ साली आमसभेने दोन्ही एकाच दिवशी स्वीकारले. महासत्तांनी मात्र त्यांतून सोयीचे तेवढे उचलले.

अमेरिकेने पहिल्या कराराला १९९२ साली मान्यता दिली. दुसऱ्यावर १९७७ साली केलेली तिची सही मान्यतेवाचून पडून आहे. चीनने नेमके उलट केले. त्याने दुसरा करार २००१ साली स्वीकारला. पहिल्यावरील १९९८ची सही कोरडीच राहिली. शिवाय पसंतीची संघटना काढण्याच्या कामगारांच्या हक्काला त्याने देशी कायद्याची वेसण घातली. सोव्हिएत संघाने १९७३ साली दोन्ही करार मान्य केले खरे, पण त्यानंतर पाचच वर्षांनी पदार्थवैज्ञानिक युरी ओर्लोव्ह यांना श्रमछावणीची शिक्षा झाली.

प्रत्येक सत्ता आपल्या भरल्या पारड्याने दुसऱ्याला तोलते. परस्पर सामंजस्य याचा अर्थ एकमेकांच्या तुरुंगांविषयी व झोपडपट्ट्यांविषयी सभ्य मौन पाळणे असा होत असेल, तर ते सामंजस्य राज्यकर्त्यांचे. जनतेचा त्यात घातच आहे. प्रतिस्पर्ध्याचा आक्षेप शत्रूचा प्रचार म्हणून झटकून न टाकता स्वतःला लावून पाहणे, हे खरे सामंजस्य. औषधावाचून मरणाऱ्याला मतपेटी पुरत नाही, हे वॉशिंग्टनने ऐकले पाहिजे. आणि ज्याला तक्रार करण्याची मुभा नाही त्याची भाकरी केव्हाही काढून घेता येते, हे बीजिंगने.

भारताने एप्रिल १९७९ मध्ये दोन्ही करार स्वीकारले. आणीबाणीचा अनुभव तेव्हा ताजा होता आणि दारिद्र्य तर रोजचेच. त्यामुळे दोन्ही सत्तांना प्रश्न विचारण्याचा अधिकार या देशाला आहे. परंतु तो अधिकार सहीने टिकत नाही. विनाचौकशी डांबलेला नागरिक आणि किमान वेतनाला मुकलेला मजूर यांच्या बाजूने येथे उभे राहणाऱ्यांनाच तो प्रश्न जगापुढे ताठ मानेने मांडता येईल.