शहाण्णव वेळा अर्धी होणारी राशी

अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची जघन्य, म्हणजे किमान संख्या सांगितली आहे, आणि तीही अनेक अंगांनी. ती एकोणतीस स्थाने व्यापते; दोनाच्या सहाव्या वर्गास पाचव्या वर्गाने गुणिले असता ती येते; आणि ती शहाण्णव वेळा निःशेष अर्धी होते. एकाच राशीची इतकी वर्णने कशासाठी? गोंदियात धान-तांदळाच्या पेढीवर ज्यांनी वही लिहिली आहे, त्यांना उत्तर लवकर सुचेल.

येथे वर्ग म्हणजे वर्गाचाही वर्ग. पहिला ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५५३६, पाचवा ४२९४९६७२९६, सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटच्या दोहोंचा गुणाकार असा:

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

याचा नवाचा ताळा पाहावा. अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करीत गेल्यास पाचव्या वर्गाचे ४ उरतात, सहाव्याचे ७. चार साते अठ्ठावीस, त्याचा १. मोठ्या राशीतील अंकांची बेरीज १२७, तिचाही १. ताळा जुळला.

परंतु हा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, हे प्रत्येक मुनीम जाणतो. लेखनिकाने शेवटी ९५०३३६ ऐवजी ९५३०३६ लिहिले, तर ताळा १ च राहील. अशी राशी मात्र दोनदाच अर्धी होते. तिसऱ्या खेपेस बाकी उरते. याहून महत्त्वाचे असे, की शहाण्णव वेळा निःशेष अर्धी होणारी एकोणतीस अंकी संख्या जगात एकच आहे. तिची दुप्पट केली की तीस अंक होतात, आणि तिच्याहून लहान अशी एकही नाही. म्हणजे सूत्राने एकही अंक न लिहिता संपूर्ण राशी नेमकी बांधून ठेवली. पोथीला वाळवी लागली तरी ती पुन्हा मांडता येते.

अर्धे करण्याच्या या गणनेस वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. ही टीका १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या विदर्भातूनच, अमरावतीहून, प्रसिद्ध होऊ लागली. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज. पाचव्या वर्गाचे ३२, सहाव्याचे ६४, मिळून ९६. एवढा मोठा गुणाकार न करताही सूत्राचे वचन पडताळता येते.

दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसार जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या एका गाथेत अक्षरांनी गुंफली. प्रत्येक व्यंजनास एक अंक. वाचन एकम स्थानापासून डावीकडे. पहिले अक्षर त, म्हणजे ६. शेवटचे स, म्हणजे ७. मधली सत्तावीस अक्षरे वहीवर मांडून वरील राशीशी ताडून पाहावीत. श्वेतांबर आगमातील वर्णनावरून निघालेली राशी आणि दिगंबर आचार्यांची ही अक्षरे एकोणतीसही स्थानी जुळतात.