नातवंडे सांभाळायची आजीने, हक्क मात्र कुणाचा?

बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे जोडपे आपले लेकरू गावी म्हाताऱ्यांच्या हवाली करते. इंदापूर तालुक्यात उसाच्या आणि डाळिंबाच्या मजुरीवर जगणाऱ्या वस्त्यांतही हेच चित्र दिसते. लेकरू आजीच्या कुशीत वाढते आणि आजोबांचे बोट धरून शाळेत जाते. तोवर कुणी कागद मागत नाही. कागद मागितला जातो तो घर मोडल्यावर. लेक वारली आणि जावई मूल घेऊन गेला, किंवा मुलगा वारला आणि सून माहेरी गेली, की सहा-सहा वर्षे सांभाळणारी आजी कायद्याच्या लेखी तिऱ्हाईत ठरते.

आजी-आजोबांना नातवंडांवर कायदेशीर हक्क आहे काय? स्पष्ट सांगायचे तर स्वतंत्र हक्क नाही. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, त्याचाच हा तुकड्यातुकड्याने मंजूर झालेला एक भाग. त्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून बाप आणि त्याच्यानंतर आई आहे. आजी-आजोबांचे नाव त्यात नाही. पण कलम 13 सांगते की मुलाचे हित सर्वांत वर. आणि इंग्रजांच्या काळातला 1890 चा पालक व पाल्य कायदा मुलाच्या कोणत्याही नातेवाइकाला, अगदी हितचिंतक मित्रालाही, जिल्हा न्यायालयात अर्ज करू देतो. आजी आत शिरते ती या दारातून. मूल जाणते असेल तर न्यायाधीश त्याची इच्छाही विचारात घेऊ शकतात.

भेटीच्या हक्काबाबत तर कायदा गप्पच आहे. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात आजी-आजोबांच्या भेटीचाही विचार केला, पण त्याचा कायदा झाला नाही. गंमत पाहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार सज्ञान नातवाकडून पोटगी मागता येते. म्हणजे नातू अठरा वर्षांचा झाला की त्याने आजीला पोसावे, पण तो आठ वर्षांचा असताना त्याला भेटण्याची हमी तिला कुणी देत नाही.

न्यायालयांचे निकाल पाहिले तर एक सूत्र हाती लागते. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा आईच्या आई-वडिलांकडे ठेवला. मुलाची आई वारली होती, बापावर हुंडाबळीचा खटला होता आणि मुलालाही आजोळीच राहायचे होते. 2022 साली करोनात आई-बाप गमावलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा त्याच न्यायालयाने वडिलांच्या आई-वडिलांना दिला. उच्च न्यायालयाने नोकरदार मावशीची निवड केली होती. ती फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की केवळ उत्पन्न ही कसोटी होऊ शकत नाही. उलट 2025 साली, बाप हयात आणि लायक असताना आजोबांचा दावा त्याच्यापेक्षा वरचढ ठरत नाही, असे सांगून मूल बापाकडे सोपवण्यात आले.

गरिबांच्या दृष्टीने 2022 चा निकाल मोलाचा आहे. शेतमजूर आजीपाशी ना सातबारा, ना पगाराची पावती. तरीही तिचा अर्ज त्या कारणाने फेटाळता येणार नाही. मात्र त्याच निकालात, आपल्या समाजात वडिलांचे आई-वडीलच नातवाची अधिक चांगली काळजी घेतात, अशा आशयाचे वाक्य आहे. ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. मूल म्हणजे वंशाचा दिवा आणि त्यावर बापाच्या घराची मालकी, ही मनुवादी समजूतच त्यातून डोकावते.

धोका इथेच आहे. आजी-आजोबांच्या हक्काची मागणी करताना तिचे हत्यार विधवा सुनेवर उगारले जाऊ नये. नवरा गेल्यावर तिला घराबाहेर काढायचे आणि मग 'आमचा नातू आम्हाला द्या' म्हणून कोर्टात जायचे, असले प्रकार आपल्याही घरांत होतात. ते लपवून चालणार नाही. ज्यांनी सुनेला छळले त्यांना ताबा मागण्याचे तोंड नाही. पण जिने लेकरू प्रत्यक्ष वाढवले त्या आजीची भेट केवळ रागापोटी तोडली, तर शिक्षा लेकराला होते. म्हणून कायद्यात तरतूद हवी ती मुलाच्या हक्काची. आपल्याला वाढवणाऱ्या माणसांना भेटणे हा त्याचा हक्क आहे.

तोवर काय करायचे? अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची ही तरतूद आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. मूल अनाथ किंवा एकपालक असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची दरमहा मदत 2023 साली 2,250 रुपये झाली. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठावे लागते. इंदापूरच्या आजीला पुण्याचा हेलपाटा एकटीने झेपत नाही. तिच्याबरोबर कार्यकर्त्याने जायला हवे.

भांडण कोर्टात जाण्याआधी विहारात बसूनही मिटवता येते. महिन्यातले दोन रविवार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, चौदा एप्रिलचा दिवस, असे ठरवून लिहून काढावे. मात्र आपसातला कागद कुणी मोडला तर हात चोळत बसावे लागते. म्हणून तो न्यायालयापुढे ठेवून त्यावर हुकूम करून घ्यावा. आणि त्या बैठकीत मुलाच्या आईला बाजूला बसवू नये. पहिला शब्द तिचा आणि तिच्या लेकराचा असावा.