पकड कुणाची?

कबड्डीचा सामना टीव्हीवर लागला की घरातले सगळे चढाईपटूकडे बघतात. साहजिकच आहे म्हणा. तो एकटा पलीकडच्या अंगणात शिरतो, मांडीवर थाप मारतो, कॅमेराही त्याच्याच मागे. माझी नजर मात्र कोपऱ्यावर आणि त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकावर असते. आमची सौ. म्हणते, "तुम्ही सामना उलटा बघता." त्याला कारण आहे, पुढे सांगतो.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मी निवृत्त, वेळच वेळ. यू मुंबाच्या संघात आपल्या महाराष्ट्राचा विशाल माने मध्यरक्षक होता. त्याला बघून मला साठी उलटल्यावर कळले की मध्यरक्षक काय करतो! कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो. पण चढाईपटू दांडगा असेल तर तो पकडणाऱ्यालाच फरफटत मध्यरेषेकडे निघतो. त्या दीड-दोन पावलांत मध्यरक्षकाने आडवा खांदा घातला तर पकड, नाहीतर पकडणाराच बाद. सगळा खेळ त्या खांद्याचा. २०१५ साली यू मुंबा आणि २०१७ साली पाटणा पायरेट्स विजेते झाले, दोन्ही संघांत माने होता. तरी आमच्या गल्लीतल्या पोरांना विचारा, त्यांना अनुप कुमार आणि परदीप नरवाल ठाऊक. दोघेही चढाईपटू.

२०१८ ला जकार्ता एशियाडमध्ये तर फारच जिवाला लागले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके आपली, आणि उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. त्या इराणकडे फजल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक होता. आपल्या संघात आपला गिरीश इरनाक होता, तोही डावा कोपरा. तेव्हा सगळीकडे चर्चा आपल्या चढाया का फसल्या याचीच. अहो, चढाया फसतात म्हणजे समोर कुणीतरी पकडतो ना?

हिशेबही बघा. चढाईपटूने एका चढाईत तीन गडी टिपले तर तीन गुण. पकडीला एकच, मग चौघे लोंबकळले असले तरी. (मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेली अव्वल पकड तेवढी दोन गुणांची.) आणि तो गुण लिहिला जातो एकाच्या नावावर. खांदा घालणारा कागदावर येतच नाही.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. नातू अमेरिकेत आहे, त्याने सुट्टीत त्यांचा फुटबॉल समजावून सांगितला. चेंडू फेकणाऱ्याला चेंडू हातात असतानाच आडवा करणे म्हणजे सॅक. लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स त्यात सगळ्यांत नावाजलेला. तो खेळला १९७४ पर्यंत आणि लीगने सॅकची अधिकृत नोंद सुरू केली १९८२ मध्ये! अधिकृत यादीत त्याच्या नावावर एकही नाही. नातू हे सांगून हसला. मला काही हसू आले नाही.

कारण १९८६ साली मीही तेच केले होते.

तेव्हा मी आमच्या परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. आमच्या काळ्या जमिनीत कबड्डीचे मैदान करणे सोपे नाही. मुरूम आणून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून पोरांनीच ते केले होते. त्या वर्षी संघ जिल्ह्यात पहिला आला. स्नेहसंमेलनाचा अहवाल लिहिणे आणि पेपरला बातमी पाठवणे ही कामे माझ्याकडे (मराठीच्या मास्तराला दुसरे काय देणार!). मी दोन्हीकडे दोन चढाईपटूंची नावे झोकात लिहिली आणि पुढे 'व इतर'.

दुसऱ्या दिवशी मध्यरक्षक पोरगा वर्गाबाहेर थांबलेला. म्हणाला, "सर, माझं नाव न्हाई आलं."

मी म्हणालो, "तू काय केलंस रे? उभाच तर होतास."

त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. अंतिम सामन्यात खांदा निखळला होता. मला ते दिसत होते, आणि तरी मी हे बोललो.

नावात काय आहे असे कुणी म्हणेल. आहे हो. पुढच्या निवडीला नाव ठाऊक असलेली पोरे आधी बोलावतात. तिथून राज्य पातळी, आणि राज्य पातळीवरून नोकरी. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत. मुंबईत देना बँक, एअर इंडिया असे संघ होते, त्यांनी किती कबड्डीपटूंची घरे उभी केली. देना बँक २०१९ ला विलीन झाली, एअर इंडिया २०२२ ला टाटांकडे गेली. असो, तो वेगळा विषय. आमच्या संघातले ते दोन चढाईपटू पुढे खेळले, एक तर पोलिसात लागला. मध्यरक्षक दहावीनंतर शेतात गेला. माझ्या बातमीमुळेच असे झाले असे मी म्हणणार नाही. पण शालेय सामन्यांच्या गुणपत्रकात पकडीला हातभार लावणाऱ्याचा रकाना हवा, हे माझे मत तिथूनच तयार झालेले आहे. एक रकाना आखायला पैसे लागत नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत परभणीच्या उरुसात तो भेटला. सोबत नात होती. पाया पडायला वाकला तर डावा हात अजून पूर्ण वर जात नाही. चहा घेताना मी ते १९८६ चे बोलणे काढले. तो म्हणाला, "जाऊ द्या की सर." मी त्याला सातही जणांची, कोण कुठे उभा राहायचा त्या जागेसकट, नावे विचारून खिशातल्या डायरीत लिहून घेतली. सहा झाली. उजव्या कोपऱ्यावरच्या पोराचे नाव त्यालाही आठवेना, मलाही नाही. कानात बाळी घालायचा, एसटीने यायचा, इतकेच आठवते. आपल्या नात्यात त्या वर्षी त्या शाळेत असलेले चार-पाच जण आहेत, त्यांनी जरा आठवून मला फोन करावा.