उलट्या तोंडाची गाडी
धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, नागपूरच्या कुठल्याही वस्तीत संध्याकाळी चक्कर मारा. येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून उभी केलेली कार दिसतेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की समोरच्या बाजूच्या कडुनिंबाची सावली खुणावते, हे मी समजू शकतो. पण हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला लावली की तो कुंपणाकडे जातो, आणि पुढे एखादी उंच गाडी उभी असेल तर निघताना बॉनेट रस्त्यात घुसवेपर्यंत समोरून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही. डावीकडची दारं रहदारीत उघडतात. दप्तर सावरत उतरणारं लेकरू थेट भर रस्त्यात पाय ठेवतं. रात्री तर धोका आणखी वाढतो. लाल रिफ्लेक्टर गाडीच्या मागे असतात, पुढे नाही. पथदिवा बंद असलेल्या गल्लीत स्कूटरवाल्याला ती गाडी जवळ गेल्यावरच कळते. १९८९ च्या रस्ता नियमांत चुकीच्या बाजूला वाहन उभं करायला मनाई स्पष्ट लिहिली होती. ब्रिटनमध्ये ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर रात्री रहदारीच्या उलट तोंडाने गाडी लावताच येत नाही. आपल्याकडे ‘दोनच मिनिटं, भाऊ’ म्हटलं की विषय संपतो. वाहतूक पोलिसांनी आणि महापालिकेने निदान शाळांभोवतीच्या गल्ल्यांपासून तरी, शाळा सुटण्याच्या वेळी, अशा गाड्यांवर कारवाई सुरू करावी.