बशीतलं हाड, गुडघ्यातली सुई

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र वैद्यक परिषद, यांस



प्रयोगशाळेत मेसेंकायमल मूलपेशी वाढवणं हे माझं रोजचं काम. अस्थिमज्जेचा नमुना फ्लास्कमध्ये सोडला की या पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटतात. रक्तपेशी तरंगत राहतात आणि माध्यम बदलताना निघून जातात. मॉस्कोत फ्रीडेनस्टाइन यांनी याच चिकटपणावरून त्या हेरल्या. लांबट पेशींची दाटी झाली की डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट द्यायचं. तीनेक आठवड्यांनी अलिझरिनचा रंग टाकला की साचलेलं कॅल्शियम, म्हणजे हाडाची सुरुवात, लालभडक दिसतं. कितीदाही पाहा, गंमत वाटतेच.

पण ती गंमत बशीतली. तिच्या जोरावर झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा, स्वमग्न मुलाला नवा मेंदू अशी आश्वासनं विकली जातात. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. गुण येतो तो मुख्यतः त्यांनी सोडलेल्या रसायनांचा. भडकलेली प्रतिकारशक्ती ती शांत करतात. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएनं अशा पेशींना मान्यता दिली, तीही नवा अवयव घडवायला नव्हे. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी अंगावर उलटल्या आणि स्टिरॉइडही चालेना, अशा मुलांसाठी ती आहे.

आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या मूलपेशी-उत्पादनाला हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या बर्जर रोगासाठी आणि पुढे गुडघ्याच्या संधिवातासाठी औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तेव्हा गुडघ्याचा प्रत्येक दावा थोतांड, असं मी म्हणणार नाही. मात्र मान्यता त्या तपासलेल्या उत्पादनाला आहे. पोटाची चरबी काढून तासाभरात तिच्यातल्या पेशी सांध्यात टोचणाऱ्याला ती आपोआप लागू होत नाही. स्वमग्नतेबाबत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं २०२२ मध्येच नकार कळवला आहे. तरी जाहिराती चालूच.

परिषदेकडे मागणी एवढीच. मूलपेशी टोचणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं दर्शनी भागात, मराठीत, मान्य उत्पादनाचं नाव लावावं. ते नसेल तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) इथला नोंदणी क्रमांक. दोन्ही नसतील तर सुई उचलू नये. आणि चाचणी चालू आहे म्हणणाऱ्यानं रुग्णाला लाखांचं बिल दिलं असेल, तर त्या बिलाची प्रत परिषदेनं स्वतः मागवून घ्यावी.

आपली,
पुण्यातली एक पेशी-संशोधक